मामांची पावडर आणि यमन

नमस्कार श्रोते हो. आज प्रीबायोटिकविषयी बोलू. दह्याताकातून जीवाणू पोटात जातात, हे आपल्याला ठाऊकच आहे. प्रीबायोटिक म्हणजे जीवाणू नव्हेत, मोठ्या आतड्यात आधीपासून मुक्कामाला असलेल्या जीवाणूंचं खाणं. पुन्हा सांगतो, जीवाणू नव्हेत, त्यांचं खाणं. कांदा, लसूण, गहू यांतली इन्युलिनच्या जातीची कर्बोदकं आपल्याला पचत नाहीत. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरतात आणि बायफिडोबॅक्टेरियासारखे तिथले जीवाणू त्यांवर ताव मारतात. त्यातून आम्लं तयार होतात. त्यांतल्या ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. आणि हो, वायूही होतो.

वायूवरून आमच्या रामबागेतल्या मामांची गोष्ट. त्यांना कुणीतरी इन्युलिनची पावडर आणून दिली. डब्यावर लिहिलेलं, एक चमचा. मामा म्हणाले, चांगल्या गोष्टीत हात कशाला आखडायचा? आमटी वाढायचा डाव भरून घेतला, ताकात कालवला, प्यायले आणि संध्याकाळी गाण्याच्या बैठकीला अगदी पुढे जाऊन बसले. यमन सुरू झाला. माइक नव्हता. (हल्ली वीस माणसांच्या खोलीतही भोंगे लावतात, तंबोरा ऐकू येईल तर शपथ!) बाई गंधारावर येऊन थांबल्या, सगळे डोळे मिटून बसलेले, आणि मामांच्या पोटातून लांबलचक गुर्रर्र. मामा खोकले. पुन्हा गुर्रर्र. तबलेवाल्यांनी डग्ग्याकडे संशयानं पाहिलं. मामींनी पदर तोंडात कोंबला. शेवटी मामा उठले आणि अनवाणीच जिना उतरले. बाई शांतपणे म्हणाल्या, "मंद्र चांगला लागला होता हो!"

मामांना आजार काही नव्हता. जीवाणूंना एकदम फार मिळालं, एवढंच. म्हणून प्रमाण हळूहळू वाढवायचं. हळूहळू. ज्यांचं आतडं मुळात हळवं आहे, आयबीएस म्हणजे वारंवार पोट बिघडवणारा आतड्याचा विकार आहे, त्यांना कांदालसूणही बाधतो, त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

आईच्या दुधातही अशी कर्बोदकं असतात. बाळाला ती पचत नाहीत, बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियांना पचतात. भात शिजवून गार केला की त्यातला थोडा स्टार्च पचायला चिवट होतो आणि पुढे जीवाणूंच्या वाट्याला जातो. तेव्हा रात्रीचा भात नीट फ्रिजमध्ये ठेवून सकाळी फोडणीला टाका. आणि पोह्यांवर सेव जरा कमी, कच्चा कांदा जास्त. इंदूरकरांना हे पटायचं नाही, पण रेडिओवरून कुणी दगड मारू शकत नाही. नमस्कार.