गोमाँच्या काचघरातल्या आलिसबाई

[दृश्य: काचेचा स्टुडिओ, १९०५]
कॅमेऱ्याकडे नंतर बघू. आधी ते कर्णे बघा. गाणं अगोदरच ध्वनिमुद्रित झालंय. आता तबकडी वाजतेय आणि नट नुसते ओठ हलवतायत. आपल्याकडे गाण्यांचं शूटिंग आजही असंच होतं! ही जागा पॅरिसमधलं ब्यूत-शोमाँ, गोमाँ या फ्रेंच चित्रपट कंपनीचा स्टुडिओ. इथं हुकूम चालायचा दिग्दर्शिका आलिस गी यांचा. असे शंभरावर गाणारे चित्रपट त्यांनी केले.

खरी कसरत थिएटरात. प्रोजेक्टर आणि तबकडी एका चालीनं फिरवायला विजेच्या मोटरी. फीत तुटून दोन-चार चौकटी जरी गळाल्या, तरी ओठ पुढे आणि गाणं मागे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा म्हणून कर्ण्यांतून दाबाची हवा सोडत.

[दृश्य: लिओं गोमाँ यांचं छायाचित्र]
हे कंपनीचे मालक. १८९५ साली, जिथं नोकरी करत होते तीच फोटोग्राफीच्या सामानाची पेढी यांनी भागीदार जमवून घेतली. पैसा घालणाऱ्यांत गुस्ताव्ह आयफेलही होते, ते टॉवरवाले. धंदा कॅमेरे विकण्याचा; चित्रपट म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. त्यांच्या सेक्रेटरीनं, आलिसबाईंनी, छोटी नाटुकली चित्रित करायची परवानगी मागितली. मिळाली, पण टपालाचं काम तुंबता कामा नये या अटीवर.

[दृश्य: येशूच्या जीवनपटातले प्रसंग, १९०६]
पंचवीस देखावे, सुमारे ३०० माणसं. एव्हाना कंपनीची सगळी चित्रपटनिर्मिती बाईंच्या हाती होती. सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांत लुमिएर बंधूंना प्रकरण, जादुई चित्रपट करणाऱ्या मेलिएसना प्रकरण. बाईंना कित्येक वर्षं तळटीपसुद्धा मिळाली नाही.

१९०७ मध्ये लग्न करून त्या अमेरिकेला गेल्या. तिथं स्वतःची कंपनी काढली. इकडे त्यांची खुर्ची दिग्दर्शक लुई फयाद यांच्याकडे आली.

[दृश्य: गोमाँ-पॅलेसचा दर्शनी भाग]
हे कंपनीचं अवाढव्य चित्रपटगृह. १९११ साली उघडलं, १९७३ मध्ये पाडलं.

[दृश्य: कंपनीचं फुलाचं बोधचिन्ह]
मधल्या काळात दिवाळं निघालं, मालक बदलले. २०१७ मध्ये थिएटरांमधला उरलेला हिस्सा जुनी प्रतिस्पर्धी असलेल्या पाते कंपनीला ३८ कोटी युरोंना विकला. आता भर निर्मितीवर, चित्रपट आणि मालिका. १९१३ साली फयाद यांच्या चित्रपटांतला बुरखेधारी गुन्हेगार फाँतोमास लोकांनी डोक्यावर घेतला होता. २०२१ पासून नेटफ्लिक्सवर गाजली ती याच कंपनीची 'ल्युपँ', आणि तिचा नायकही चोरच.