दुतोंड्या मारुतीची कंबर आणि 3 डेसिबल

नमस्कार मंडळी. तो पंखा जरा कमी करा कोणीतरी, माईकमध्ये घुमतोय. हां, आता बरंय. पत्रकात विषय छापलाय 'फिल्टरचा रोल-ऑफ आणि बँडविड्थ', येणारच आहे त्यावर, पण आधी माझं एक रडगाणं ऐका, ते गायल्याशिवाय माझी गाडी पुढे जात नाही.

पंचवटीत आमच्या काकांकडे एकादशीला भजन असतं. मी गेलो रेकॉर्ड करायला, मिक्सर माझा, लॅपटॉप माझा, हौस पण माझीच. घरी येऊन ऐकतो तर मागे सारखं हूंऽऽऽ, मेन्सचे, म्हणजे घरच्या विजेचे 50 हर्ट्झ. म्हटलं सोप्पंय, हाय-पास टाकू, म्हणजे वरचे सूर जाऊ देणारा आणि खालचे अडवणारा फिल्टर. 9.1 किलोओहमचा रेझिस्टर, 0.33 मायक्रोफॅराडचा कपॅसिटर, हिशोबाने कट-ऑफ, म्हणजे फिल्टरची कड, आली 53 हर्ट्झवर. म्हणजे 53 च्या खालचं सगळं कट, नावातच लिहिलंय ना! रेकॉर्डिंग त्यातून फिरवलं, तर हूं तसाच, फार तर थोडी सर्दी झालेली. ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजची लाट दाखवणारं यंत्र) बघितलं तर हूंचं व्होल्टेज जवळपास 70 टक्के शिल्लक. मग इरेला पेटलो, मधे बफर (एका सर्किटचा भार दुसऱ्यावर पडू न देणारा टप्पा) घालून तशीच चार सर्किटं एकामागे एक लावली. हूं आला पाचव्या हिश्श्यावर, पण पखवाजाची धूमच गेली! तो बिचारा वादक अर्धा तास कणिक लावून, थापटून खालचा आवाज जमवतो, आणि मी तो कोंड्यासारखा चाळून टाकला. काका ऐकून म्हणाले, "अरे, हा पखवाज आहे का तेलाचा डबा?" (हसू नका, तुम्हीपण केलं असतं.)

माझा राग त्या 'कट-ऑफ' शब्दावर आहे. तिथे काहीच कट होत नाही हो! गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर काय विचारतो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या पुतळ्याच्या कमरेला लागलं का पाणी? आता कमरेच्या खाली पूर नाही आणि वर पूर, असं असतं का? पाणी चढतच असतं, बोलायला एक खूण लागते म्हणून दुतोंड्या मारुती. तसेच हे 3 डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाज किती पटीने घटला-वाढला ते मोजायचं माप). पॉवर निम्मी झाली, व्होल्टेज 70.7 टक्क्यांवर आलं, त्या जागेला सगळ्यांनी मिळून कड म्हणायचं ठरवलं. अशा दोन कडांमधलं अंतर म्हणजे बँडविड्थ. जुना टेलिफोन 300 ते 3400 हर्ट्झ, म्हणजे बँडविड्थ 3100 हर्ट्झ. म्हणून 299 ला आवाज मरतो असं नाही.

किती वेळ उरलाय? पाच मिनिटं?! बरं, पळतो.

कडेपलीकडचा उतार म्हणजे रोल-ऑफ. एक कपॅसिटर असेल तर दर सप्तकाला 6 डेसिबल, म्हणजे सा वरून खालच्या सा ला गेलात की व्होल्टेज निम्मं, पण हे कडेपासून बरंच लांब गेल्यावर, कडेजवळ उतार अगदी लोळलेला असतो आणि माझे 50 हर्ट्झ नेमके तिथेच बसले होते. चार टप्पे लावले की दर सप्तकाला 24 डेसिबल. मग माझं चुकलं कुठे? प्रत्येक टप्पा 53 वर आपले 3 खातो, चौघांचे झाले 12, त्यामुळे खरी 3 डेसिबलची कड सरकून 120 च्या वर गेली, पखवाज तिथेच कापला गेला. बटरवर्थ नावाच्या इंजिनिअरने 1930 मध्ये हेच सोडवलं, टप्पे सारखे ठेवायचे नाहीत, काहींना कडेपाशी थोडा उठाव द्यायचा, म्हणजे पासबँड, जो भाग जाऊ द्यायचा तो, सपाट राहतो आणि कड जागेवर. चेबिशेव्ह नावाचा दुसरा फिल्टर अजून तीव्र उतरतो, पण पासबँडमध्ये लाटा येतात. आणि कितीही तीव्र करा, जेवढी कड धारदार तेवढा फिल्टर थाप पडल्यावर जास्त वेळ झणझणत राहतो, तबल्याची चाट मग चाट राहत नाही. सीडीवाल्यांना 20,000 (कानाला ऐकू येण्याची वरची हद्द) ते 22,050 हर्ट्झ (सीडीत मावणारी वरची हद्द) एवढ्याच जागेत सगळं उतरवायचं असतं, त्यांचे हाल विचारू नका.

हो हो, किल्ल्या वाजल्या, कळलं. काय म्हणालात? हूं गेला का? गेला ना. मिक्सरचा प्लग हॉलमध्ये होता आणि लॅपटॉपचा स्वयंपाकघरात, दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून वायरींचा लूप झाला होता, त्यातूनच हूं शिरत होता. पुढच्या एकादशीला दोन्ही एकाच बोर्डात लावले.