आत्याची वही

नमस्कार श्रोतेहो.

माझी आत्या 58 वर्षं जगली. घरातल्या प्रत्येकाच्या चपला ती ओळखायची. संध्याकाळी दारातल्या सगळ्या चपला जोडीजोडीने लावायची आणि त्यावरून कोण घरी आलं, कोण यायचं राहिलं, हे बरोबर सांगायची. उशीर करणाऱ्याला तिची बोलणी खावी लागत. रेडिओवर कुणी 'नमस्कार' म्हटलं की हात जोडून उत्तर द्यायची, बातम्या सांगणाऱ्यालासुद्धा. आत्याला डाउन सिंड्रोम होता, म्हणजे शिकण्या-समजण्याची गती मंद ठेवणारी जन्मजात अवस्था.

ती गेल्यावर तिचं कपाट आवरायला घेतलं. त्यात तिच्या नावाची एक जाडजूड फाइल निघाली. रक्ताचे रिपोर्ट, हृदयाच्या तपासण्या, बुद्ध्यांकाचा दाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र. आत्याला काय येत नाही, हे त्या फाइलमध्ये पानोपानी लिहिलेलं होतं. तिला काय आवडायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. इतर माणसं मागे पत्रं ठेवतात, पदव्या ठेवतात, मुलंबाळं ठेवतात. आत्याच्या हाताचं लिहिलेलं म्हणाल तर एक सही, तीही वाकडी. तिचं आयुष्य कुणीतरी बसून लिहिलं नाही तर आमच्या पिढीनंतर फक्त ती फाइलच उरेल, हे मला त्या दिवशी फार लागलं.

डाउन सिंड्रोमचं पहिलं सविस्तर वर्णन जॉन लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी 1866 मध्ये केलं. पेशीत 21 क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्तीचं असतं, हे कळायला 1959 साल उजाडलं. आत्याचा जन्म त्यानंतर दोनच वर्षांनी झाला. अशी मुलं फार जगत नाहीत, असं तेव्हा आजीला सांगण्यात आलं होतं आणि त्या काळच्या मानाने ते खोटंही नव्हतं. पुढे हृदयाच्या शस्त्रक्रिया सुधारल्या, मुलांना संस्थेत टाकण्याऐवजी घरात वाढवायला लोक लागले आणि चित्र पालटलं. अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर 1983 मध्ये सरासरी आयुष्य 25 वर्षांच्या आसपास होतं, आज ते 60 च्या घरात आहे.

म्हणजे आत्या तिच्या वाट्याचं पूर्ण, प्रौढ आयुष्य जगली. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण भेटायला येणारा जो तो म्हणायचा, 'देवाचं लेकरू होतं हो.' लेकरू नव्हती ती. ती एक बाई होती, स्वतःची मतं असलेली. तिच्यासारख्यांसाठी असलेल्या कार्यशाळेत पाकिटं चिकटवायला जायची. पहिला पगार तिने आजोबांच्या हातात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठामपणे परत मागून घेतला. तिला राग यायचा, आणि एकदा आला की दोन-दोन दिवस ती बोलत नसे. ती खोटंही बोलायची, सफाईने. हे सगळं गाळून नुसती गोड, निरागस आत्या आठवायची म्हटलं, तर ती दुसरीच कुणीतरी होते.

पन्नाशीनंतर चपलांच्या जोड्या चुकायला लागल्या. मग चिडचिड वाढली, मग कार्यशाळेत जायचं नाही म्हणून हट्ट. 'यांचं असंच असतं,' असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि विषय संपवला. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी कृपा करून या उत्तरावर थांबू नये. थायरॉइड बिघडणं, ऐकू कमी येणं, मोतीबिंदू, नैराश्य, यातल्या कशानेही वागणं असंच बदलतं आणि या सगळ्यांवर उपचार आहेत. ते आधी तपासून घ्यायला हवं. आत्याच्या बाबतीत मात्र तो अल्झायमर निघाला, हळूहळू स्मृती पुसत नेणारा मेंदूचा आजार. मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाशी निगडित जनुक याच 21 व्या गुणसूत्रावर असतं, त्यामुळे डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना हा आजार पुष्कळदा लवकर गाठतो. आणि विसरभोळेपणाच्या आधी बरेचदा स्वभाव बदलतो.

ती गेली तेव्हा लोक बाबांना म्हणाले, 'सुटली बिचारी. तुमचीही काळजी मिटली.' धीर द्यायलाच म्हणत होते, हे मला कळतं. पण बाबांची धाकटी बहीण गेली होती. त्यांच्या दिवसाचे तास तिच्या गोळ्यांवर, तिच्या आंघोळीवर, तिच्या रुसव्यावर बेतलेले होते, आणि ते सगळे तास एकदम रिकामे झाले. समाज ज्या दुःखाला दुःख मानायला तयार नसतो, त्याविषयी केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये एक पुस्तक संपादित केलं. बाबांना मी ते समजावून सांगितलं, तेव्हा ते इतकंच म्हणाले, 'मग मला रडायला हरकत नाही.'

तिच्या कार्यशाळेतल्या मित्रमैत्रिणींना काय सांगायचं, यावर बरीच चर्चा झाली. 'गावाला गेली म्हणा,' असं कुणीतरी सुचवलं. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं : ती मरण पावली, तिचा श्वास थांबला, आता ती परत येणार नाही. असंच सरळ सांगावं. 'झोपली' किंवा 'गावाला गेली' म्हटलं की ही माणसं वाट पाहत राहतात, नाहीतर स्वतः झोपायला घाबरतात. तिच्या शेजारी बसणाऱ्या मित्राने फक्त विचारलं, 'मग तिची खुर्ची?' तो रडला पुढच्या आठवड्यात, पाकिटं चिकटवता चिकटवता. त्यांचं दुःख कधी कधी असं उशिरा, अवचित वर येतं. त्याला समजलं नव्हतं, असं मानण्याचं काही कारण नाही.

मग आम्ही एक वही केली. फाइलमधला एकही कागद तिच्यात नाही. तिचे फोटो, तिचे शब्द, ती कुणाला काय नावाने हाक मारायची, कशाला घाबरायची, कशावर हसायची. मित्राने सांगितलेलंही जसंच्या तसं लिहिलं : 'ती माझी कात्री घ्यायची. देत नव्हती.' तुमच्या घरी असं कुणी असेल तर ही वही ते माणूस हयात असतानाच सुरू करा, त्याला शेजारी बसवून. फोटोतलं कोण आवडतं, कोण नाही, हे त्यालाच सांगू द्या. आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आत्याचा आवाज आमच्याकडे आहे, पण अगदी थोडा, आणि त्यातही ती बहुतेक वेळ माझ्यावर ओरडते आहे. मला तो फार प्रिय आहे.

वही अजून चालू आहे. तिचा आवडता रंग कोणता, यावर बाबांचं आणि मोठ्या आत्याचं अजून एकमत नाही. बाबा निळा म्हणतात, मोठी आत्या लाल म्हणते आणि दोघांकडेही पुरावे आहेत. वहीत दोन्ही लिहिले आहेत, खाली ज्याचं त्याचं नाव घालून.