नव्या दाराच्या दोन वायरी

(वाळूज एमआयडीसी, सकाळची शिफ्ट. बसमधून उतरणारे कामगार.)

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की वाळूज येतं. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याच्या आधाराने पत्रा दाबणारे, पाइप वाकवणारे, वेल्डिंग करणारे कितीतरी कारखाने उभे राहिले. आता अनेक ठिकाणी वेल्डिंग रोबो करतो. गंगापूर, पैठणकडची पोरं त्याच्यापुढे जॉब, म्हणजे वेल्डिंगचे सुटे भाग, लावतात नि काढतात.

(जाळीच्या कुंपणातला रोबो. पिवळं दार.)

हा असाच एक सेल, म्हणजे कुंपणातला रोबो आणि त्याची कामाची जागा. दारावर इंटरलॉक स्विच, म्हणजे दार उघडताच रोबो थांबवणारा; जॉब लावायच्या बाजूला लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की रोबो थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा; आणि दोन इमर्जन्सी बटणं. ही चारही उपकरणं पॅनेलमधल्या सेफ्टी कंट्रोलरला जोडलेली. प्रत्येकाच्या दोन वायरी, म्हणजे दोन चॅनेल. एक दगा देईल तेव्हा दुसरीने रोबो थांबवायचा. चार दुणे आठ; कंट्रोलरचे इनपुटही आठच.

आता काम वाढलंय. पलीकडे जॉब पकडून ठेवणारं दुसरं फिक्श्चर बसतंय, म्हणून आणखी एक दार, एक कर्टन, एक बटण. सहा इनपुट लागणार आणि शिल्लक एकही नाही. अशा वेळी मेंटेनन्सचा माणूस हमखास विचारतो, "साहेब, नवं दार जुन्याच्या सिरीजमधी टाकून देऊ का?" म्हणजे दोन्ही दारांचे स्विच एकामागे एक, त्याच दोन वायरींवर.

दिसायला बरोबर आहे. कुठलंही दार उघडलं तरी सर्किट तुटतं, रोबो थांबतो. म्हणूनच ही जोडणी फार फसवी.

(दोन दारं. कॅमेरा हळूहळू पहिल्या दाराच्या स्विचवर.)

समजा, पहिल्या दाराच्या स्विचचा एक कॉन्टॅक्ट, म्हणजे आतला सर्किट जोडणारा-तोडणारा भाग, चिकटला. दार उघडलं की एक चॅनेल तुटतो, दुसरा तसाच राहतो. कंट्रोलर हा फरक पकडतो, रोबो थांबवतो आणि पुन्हा चालू होऊ देत नाही. इथवर सगळं ठीक. पण उत्पादन अडलंय, सुपरवायझर मागे उभा आहे. कुणीतरी दुसरं दार उघडून लावून बघतं. त्या दाराचे दोन्ही कॉन्टॅक्ट नीट तुटतात, नीट जुळतात. कंट्रोलरला वाटतं, दोष गेला. रिसेट होतो, रोबो चालू. दोष मात्र जिथल्या तिथे. उद्या त्याच स्विचचा दुसरा कॉन्टॅक्टही चिकटला, तर पहिलं दार सताड उघडं असताना आत हात फिरत राहील, लोखंडाचा.

याला फॉल्ट मास्किंग, म्हणजे दोष झाकला जाणं, म्हणतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१५ मध्ये या एकाच विषयावर स्वतंत्र तांत्रिक अहवाल काढला, टीआर २४११९. आमचं स्पष्ट मत आहे, माणूस आत जातो अशा दारांना सिरीज नकोच. प्रत्येक दाराला त्याच्या स्वतःच्या दोन वायरी हव्यात.

मराठवाड्यात मळणी यंत्रात हात गेलेला एखादा तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. त्या यंत्राला दार नव्हतं. इथे आहे, तर ते खरं बोललं पाहिजे.

(पॅनेल. मूळ कंट्रोलरच्या शेजारी नवं मॉड्यूल बसतंय.)

उपाय सरळ आहे. कंट्रोलरशेजारी जादा इनपुट देणारं एक्सपान्शन मॉड्यूल बसवायचं आणि प्रोग्रॅममध्ये नवे इनपुट जोडी-जोडीने बांधायचे. सेल लांब असेल तर दूरचं सेफ्टी मॉड्यूल नेटवर्कवरही चालतं, पण त्याने प्रतिसादाचा वेळ वाढतो. आयएसओ १३८५५ प्रमाणे जवळून पुढे येणाऱ्या हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. समजा २० मिलिसेकंद वाढले, तर तेवढ्यात हात ४० मिलिमीटर पुढे येईल, म्हणून कर्टन रोबोपासून तेवढाच मागे सरकवावा लागेल. हा हिशेब बसवण्याआधीच करायचा.

रिसेटचं बटण कुंपणाबाहेर, जिथून आतला कोपरान् कोपरा दिसतो तिथे. आतून हात पोचता कामा नये.

(फिटर वायर सोडवतो. लाल दिवा.)

आता तपासणी. सात उपकरणं, चौदा वायरी. जुन्या आठही पुन्हा, कारण प्रोग्रॅम बदललाय. रोबो चालू करायचा, एकच वायर सोडवायची. रोबो थांबला पाहिजे, आणि दोष नेमका त्याच उपकरणाच्या नावाने दिसला पाहिजे. मग रजिस्टरमध्ये नोंद, खाली सही.

बाहेर दुसऱ्या शिफ्टची बस येऊन थांबलीय. फिटर रजिस्टरवर दुसरी खूण करतो. बारा वायरी राहिल्यात. तोवर दाराला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्या खिशात.