कळप दुसऱ्याचा

(दृश्य: यहूदियाचं रान, उघड्या टेकड्या)

बेथलेहेमच्या पूर्वेला जमीन मृत समुद्राकडे झपाट्यानं उतरत जाते. पाऊस डोंगराच्या पश्चिम उतारावरच पडून संपतो. इकडे हिवाळ्यानंतर काही आठवडे गवत दिसतं, मग चारा-पाण्यासाठी वणवण. पुढे इस्राएलचा राजा झालेला दावीद याच मुलखात मेंढरं राखत वाढला.

ती मेंढरं त्याची नव्हती, बापाची होती. होरेब डोंगराशी मोशेला देवाची हाक आली, तेव्हा त्याच्यापुढे सासऱ्याचा कळप होता. याकोबानं तर 20 वर्षं सासऱ्याकडे, लाबानाकडे काढली आणि निघताना सासऱ्याला सगळं ऐकवलं: दिवसा उन्हानं करपलो, रात्री गारठलो, डोळ्याला डोळा लागला नाही, जनावरानं फाडलेल्या मेंढराचं नुकसान मीच सोसलं. चिडलेल्या जावयाचं बोलणं आहे, थोडं वाढवूनही सांगितलं असेल. पण मेंढपाळाच्या कामाचं इतकं रोखठोक वर्णन बायबलमध्ये दुसरं नाही.

नियमशास्त्र, म्हणजे इस्राएलला दिलेले देवाचे नियम, त्यामानानं सौम्य. जनावरानं मेंढरू फाडलं तर उरलेलं आणून दाखवायचं, भरपाई माफ. म्हणजे मालकाला जाब देणं आलंच. तकोवा गावचा संदेष्टा आमोस सिंहाच्या जबड्यातून दोन पाय किंवा कानाचा तुकडा ओढून काढणाऱ्या मेंढपाळाबद्दल बोलतो, त्यामागे हाच व्यवहार असावा.

(दृश्य: मातीच्या विटांचे प्राचीन अवशेष)

राजांना मात्र मेंढपाळ ही पदवी फुकटात हवी होती. इ.स.पू. 18व्या शतकात बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा हम्मुराबी स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेत होता. त्याच बाबेलच्या देशात, बंदिवासात, संदेष्टा यहेज्केल इस्राएलच्या पुढाऱ्यांवर तुटून पडतो. तुम्ही चरबी खाल्लीत, लोकर पांघरलीत. दुबळ्यांना बळ दिलं नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, हरवलेल्यांना शोधलं नाही. पुढे शिक्षाही ठरलेली आहे: देव आपली मेंढरं त्यांच्या हातून काढून घेणार.

मंडळीच्या (चर्चच्या) बैठकीत उपस्थितीचे आकडे मांडले जातात, तेव्हा यहेज्केलची ही यादी सहसा कुणी काढत नाही.

(दृश्य: गालील समुद्राचा किनारा)

येशूनं आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवली. तिन्ही वेळा ती येशूचीच राहिली. पुढे मंडळ्यांच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, लिहिताना पेत्र बजावतो: पैशाच्या लोभानं हे काम करू नका, सोपवलेल्यांवर धनीपणा गाजवू नका, मुख्य मेंढपाळ यायचा आहे. पत्रात तो स्वतःला त्यांच्यासारखाच एक वडील म्हणवतो.