आलूबोंड्याची बातमी

(विदर्भातल्या एका तालुका वार्ताहरानं तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानमालेत केलेलं भाषण. शब्दांकन करताना थोडं आटोपशीर केलं आहे.)

मंडळी, आपल्या एसटी स्टँडबाहेर सकाळी आलूबोंड्याचा गाडा लागतो, तिथून सुरुवात करतो. गोष्ट २०२४ च्या सप्टेंबरमधली. पोळा होऊन गेला होता, गणपती बसले होते आणि मी गाड्यावर उभा होतो. गाडेवाल्यानं बोंडा प्लेटीत फोडला, वरून तर्री ओतली आणि माझ्या काखेतल्या पेपराकडे बघत विचारलं, "भाऊ, तेलाचा डबा एका रातीतून एवढा कसा वाढला? कोनं वाढवला?"

उत्तर पेपरातच होतं. १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर सगळं मिळून ५.५ टक्के लागायचं, ते २७.५ झालं. रिफाइंडवर १३.७५ होतं, ते ३५.७५ झालं. बाहेरचं तेल महागलं की इथल्या सोयाबीनला भाव येईल, असं त्यामागचं गणित. मी ते वाचून दाखवलं. बाजूच्या बाकावर एक कास्तकार चहा पीत होते, ते लगेच म्हणाले, "मंग यंदा सोयाबीनले भाव भेटते म्हना की." त्यावर गाडेवाला म्हणाला, "तुमाले भेटत असन तं मी दोन रुपये वाढवतो बोंड्याचे. लोकं देईन."

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन यार्डात आलं. हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये आणि लिलाव त्याच्या खालीच सुटत होते. सरकारी खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट होती. नोव्हेंबरच्या मध्यावर ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. पण तोवर ज्याला लेकरांची दिवाळी करायची होती, कृषी केंद्राची उधारी फेडायची होती, त्यानं मिळेल त्या भावात पोती रिकामी केली होती. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. त्या दिवशी बोंडा दोन रुपयांनी वाढलेला होता आणि आपल्या यार्डात सोयाबीनचा भाव होता तिथंच होता. गाडेवाल्याचं गिऱ्हाईक कमी झालं, कास्तकाराच्या हाती काही आलं नाही. एकाच बाकाजवळ उभी असलेली ही दोन माणसं, दोघंही एकमेकांसाठी थोडं सोसायला तयार होती, आणि दोघांचंही नुकसान झालं.

ही बातमी मी लिहायला पाहिजे होती. मी लिहिली नाही. दिल्लीचा निर्णय पहिल्या पानावर आला होता, मुंबईच्या बाजाराचा आकडा आतल्या पानावर आला होता. पण तो निर्णय आपल्या तालुक्यात येऊन कुणाच्या कढईत आणि कुणाच्या पोत्यात पडला, हे सांगायचं काम माझं होतं. त्या आठवड्यात मी एका नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करत फिरत होतो. पुढं मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरच्या त्या २७.५ टक्क्यांतलं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, तेव्हाही मी गाड्यावर जाऊन विचारलं नाही. आज या व्यासपीठावरून बोलायचं मी कबूल केलं ते याच कारणासाठी. आपल्या गावाची बातमी आपल्याच हातून सुटते आहे, आणि तिच्यासोबत काय काय सुटतं ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

मी १९९४ साली तालुका वार्ताहर झालो. तेव्हा बातमी हातानं लिहायची, पाकिटात घालायची आणि संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायची. जिल्ह्याच्या ठिकाणी पेपरचा माणूस स्टँडवर उभा असायचा. पाऊस आला, नाल्याला पूर आला, गाडी अडकली की बातमी अडकली. तरी त्या पाकिटात बाजाराचा भाव असायचा, कुठल्या गावात हातपंप बंद आहे ते असायचं, यात्रा असायची, दंडारीचं लोकनाट्य असायचं. आता मोबाइलवरून बातमी एका मिनिटात जाते, आणि जाते काय तर सत्कार, नियुक्ती, शुभेच्छा. वार्ताहराला पगार नसतो, जुजबी मानधन असतं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जो जाहिरात देतो त्याच्या नळाला पाणी येतंय का, हे विचारायची हिंमत मग हळूहळू कमी होते. मी हे कुणा एका पेपरबद्दल म्हणत नाही. ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथं कमीजास्त हेच पाहिलं.

आता मैदानाबद्दल बोलतो, कारण माझं सगळ्यात जास्त मन तिथं दुखतं.

आपल्याकडे हिवाळा लागला की गावोगावी रात्रकालीन कबड्डीचे सामने होतात. ५५ किलो वजनगट, खुला गट. पोट्टे दिवसभर कापूस वेचून, ट्रॅक्टरवर राबून संध्याकाळी मैदानात उतरतात. लाइटखाली धूळ उडते, बाया घरच्या ओट्यांवरून बघतात, चहावाला पहाटेपर्यंत जागतो. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं: उद्घाटन अमुक यांच्या हस्ते, अध्यक्षस्थानी तमुक, प्रमुख पाहुणे म्हणून पंधरा नावं, प्रथम पारितोषिक कोणाकडून, द्वितीय कोणाकडून. शेवटच्या ओळीत विजेत्या संघाचं गाव. खेळाडूचं नाव एकही नाही. अशा बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत, शेकड्यांनी.

एकदा एक मायबाई माझ्या दारात आल्या. डोक्यावर पदर, हातात पेपराची घडी. म्हणाल्या, "भाऊ, माह्या पोरानं शेवटची पकड केली म्हणून गाव जितलं. त्याचं नाव कोठी आहे ते दाखवा नं, मले वाचता येत नाही." मी घडी उलगडली. पंधरा नावं वाचली. मनातल्या मनात. त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही, पण त्या गेल्यावर किती वेळ मी ओसरीत बसून होतो ते आठवतं.

आपल्या भागाला मैदानाची परंपरा नाही असं कुणी म्हणू शकत नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झालं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. वऱ्हाडच्या मातीतली पकड जर्मनीत जाऊन दिसली, नव्वद वर्षं होत आली त्याला. क्रिकेटचं बघा. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. साठ वर्षं करंडक नाही. मग १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. फैज फजल कर्णधार होता, रजनीश गुरबानीनं त्या सामन्यात हॅटट्रिक घेतली होती. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक, आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा. त्या हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात तेवढे कुणीच घेतले नव्हते. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं नागपूरच्या ओजस देवतळेसोबत २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक तिरंदाजीचं सुवर्ण आणलं. बुलढाण्यासारख्या गावातून! दिव्या देशमुखनं २०२५ च्या जुलैत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. या सगळ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण कुणीतरी ती अगदी पहिल्यापासून लिहून ठेवली. शाळेच्या स्पर्धेचा धावफलक, तालुका पातळीचा निकाल, जिल्ह्याची निवड यादी. नाव कागदावर आलं की ते निवड समितीपर्यंत जातं. आपल्या ५५ किलोच्या पोट्ट्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, मग तो पुढं जाणार कसा?

आणि मैदान तरी कुठं उरलं? त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या मैदानावर पाठोपाठ सभा झाल्या. मंडपाचे खांब रोवायला गड्डे खोदले, गिट्टी टाकली, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी मुरूम पसरला. निवडणूक संपली, मंडप गेला, गड्डे राहिले. डिसेंबरात सामने जवळ आले तेव्हा पोट्ट्यांनीच घमेली आणून गड्डे बुजवले, गिट्टी वेचली. पाच दिवस लागले त्यांना. एकाच्या पायात लोखंडी सळईचा तुकडा घुसला, तो त्या वर्षी खेळला नाही. भाडं कुणी भरलं, अनामत रक्कम कुणी परत नेली, मैदान पूर्ववत करायची अट परवानगीच्या कागदावर होती की नाही, यातलं काहीच कुठं छापून आलं नाही. राजकारणाची बातमी म्हणजे कोण कुणावर बोललं, एवढंच आपण समजून बसलो. माझ्या मते त्या मोसमातली सगळ्यात मोठी राजकीय बातमी ते गड्डे होते.

नगरपरिषदेचं थोडक्यात सांगतो. राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांत वर्षानुवर्षं निवडून आलेलं कुणी नव्हतं, प्रशासक होते. आरक्षणाचा प्रश्न कोर्टात होता. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं, त्यानंतर २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. काही ठिकाणचं मतदान पुढं गेलं, म्हणून नागपूर खंडपीठाच्या आदेशानं सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरवर गेली. ते एकोणीस दिवस तुम्हाला आठवत असतील. टपरीवर, पानठेल्यावर, सलूनमध्ये दुसरा विषय नव्हता. कोणत्या प्रभागात कोण, नगराध्यक्ष कोण, कुणाची किती मतं फुटली, सगळे तोंडपाठ सांगत होते. इतकं लक्ष, इतका जीव. मला त्याचं कौतुक वाटतं, मनापासून. माझी कळकळ एवढीच की २१ तारखेच्या गुलालानंतर तो जीव गेला कुठं? पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेत काय होतं, हे या सभागृहात किती जणांना सांगता येईल? नळ पाचव्या दिवशी येतो, त्यावर कोण काय बोललं? प्रशासकाच्या काळात जे ठराव झाले, ते नव्या नगरसेवकांनी वाचले का?

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तुम्ही ऐकलं असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हणणारं गाव. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. लोक घोषणा लक्षात ठेवतात. मला त्यांची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: तिथं अभ्यासगट होते. लोक बसायचे, कायदा समजून घ्यायचे, जंगलात काय आहे याची चर्चा करायचे, आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीनं निर्णय. माहिती आधी, निर्णय नंतर. आपल्या गावाचं आपल्याला जे ठाऊक असतं, तेही बातमीच आहे. ती त्यांनी कुणा पेपरवाल्याची वाट न बघता गोळा केली.

जेवणाबद्दलही असंच. बाहेरचे लोक विदर्भाच्या जेवणावर लिहितात तेव्हा एकच शब्द लिहितात, झणझणीत. सावजीचं जेवण नागपुरातल्या हलबा कोष्टी घरांमधून आलं, हातमागावर बसणाऱ्या माणसांच्या घरचं ते रांधणं. मागाचं काम कमी होत गेलं आणि घरच्या चुलीची भोजनालयं झाली. त्या तिखट रश्श्यामागं एका धंद्याची पडती आहे, हे कुणी लिहितं का? भिवापूरच्या मिरचीला आणि वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये. आपल्या गाड्यावरच्या तर्रीत कुठली मिरची पडते, ती कुणाच्या वावरातली, त्याला काय भाव मिळाला, हे मला माहीत करून घ्यायचं आहे. लग्नात रोडगे आणि वांग्याची भाजी करणारे आचारी आता किती उरले, त्यांची पोरं काय करतात, हेही.

म्हणून गेल्या महिन्यापासून आम्ही चौघांनी एक सुरू केलं आहे. या वाचनालयाच्या व्हरांड्यात जो फळा आहे, त्यावर दर सोमवारी एक पान चिकटवतो, हातानं लिहिलेलं. त्यात यार्डातला सोयाबीन-कापसाचा आठवड्यातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त भाव असतो, तेलाच्या डब्याचा भाव असतो, कुठल्या प्रभागात नळ कितव्या दिवशी आला ते असतं, आणि नगरपरिषदेत ठराव झाला असेल तर तो सोप्या भाषेत. जाहिरात नाही, सत्कार नाही. पहिल्या सोमवारी सहा जणांनी वाचलं. परवा गाडेवाला स्वतः आला, तेलाचा आकडा चुकला म्हणून दुरुस्त करून गेला.

येत्या रविवारी मैदानावर ५५ किलोचे सामने आहेत. संध्याकाळी साडेसहापासून मी गुण लिहिणाऱ्याच्या टेबलाशेजारी वही घेऊन बसेन. संघांच्या कप्तानांना विनंती आहे, सामना सुरू व्हायच्या आधी सातही खेळाडूंची आणि राखीव पोरांची नावं मला द्या, आईच्या नावासकट, गावासकट. शेवटची पकड कुणी केली तेही सांगा. सोमवारी सकाळी ती नावं फळ्यावर असतील. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायला सकाळी आठ ते दहा मी तिथं उभा राहीन.