मुलांसाठी काय मागतो आपण?

(पडद्यावर: टेबलावर एक छापील कार्ड. पेन धरलेला हात.)

या कार्डावर ११ गुण छापले आहेत. चांगली वागणूक, स्वावलंबन, कष्टाळूपणा, जबाबदारीची जाणीव, कल्पकता, सहिष्णुता, काटकसर, चिकाटी, धर्मश्रद्धा, निःस्वार्थीपणा आणि आज्ञाधारकपणा. घरात मुलांना यातलं काय शिकवायलाच हवं? जास्तीत जास्त ५ निवडायचे. १९८१ पासून जगभर होत आलेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणातला हा प्रश्न आहे.

पहिल्या दोन-तीन खुणा पटापट होतात. पेन अडतं ते नंतर. मुलाने स्वतःच्या बुद्धीने चालावं असं वाटतं, आणि आपलं ऐकावं असंही वाटतं. दोन्ही मनापासून वाटतं. पण खुणा पाचच करायच्या आहेत.

अमेरिकेतल्या मन्सी या शहरात रॉबर्ट आणि हेलन लिंड या संशोधक दांपत्याने १९२४ च्या सुमारास आयांना असंच काहीसं विचारलं होतं. तेव्हा मुलांनी निमूट आज्ञा पाळावी, चर्चशी निष्ठा ठेवावी, याला आयांनी मोठा मान दिला. १९७८ मध्ये त्याच शहरात प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा स्वावलंबन आणि सहिष्णुता वर आली होती. शहर तेच, माया तीच. मग मागणं का बदललं?

(पडद्यावर: कारखान्यातली रांग. यंत्रावर चालणारे हात. मागे उभा मुकादम.)

समाजशास्त्रज्ञ मेल्विन कोन यांनी याचं उत्तर आईबापांच्या कामाच्या जागी शोधलं. १९६९ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष आजही विचार करायला लावतो. ज्या माणसावर दिवसभर कुणाची तरी नजर असते, ज्याला ठरलेलं काम ठरलेल्या पद्धतीनेच करायचं असतं, तो मुलाला सांगतो: नियम पाळ, उलट बोलू नकोस. ज्याला निर्णय घेण्याचाच पगार मिळतो, तो सांगतो: स्वतः विचार कर, कारण विचार. देखरेख किती, काम किती गुंतागुंतीचं, त्यात तोचतोचपणा किती, या तीन गोष्टींचा घरातल्या शिकवणुकीशी संबंध कोन यांना दिसला.

यात एक बाप कडक आणि दुसरा समजूतदार, असं मला मुळीच वाटत नाही. उलट बोलल्यामुळे ज्याची नोकरी जाऊ शकते, त्याने मुलाला जपून बोलायला शिकवलं तर ते प्रेमच आहे. जगाने त्याला जे शिकवलं, ते तो मुलाच्या हाती देतो. अडचण एवढीच, की मूल ज्या जगात उभं राहणार आहे ते कदाचित वेगळं असेल.

मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हाइन आणखी मागे गेले. त्यांच्या मते आईबापांच्या इच्छांना एक क्रम असतो. आधी मूल जगावं. मग त्याने स्वतःच्या पायावर उभं राहावं. त्यानंतर मान, विद्या, समाधान. जिथे तान्ही मुलं दगावण्याची भीती मोठी, तिथे बाळाला सतत अंगाशी धरणं आणि रडताक्षणी जवळ घेणं हीच सगळ्यात मोठी आकांक्षा असते. मूल जगेल याची खात्री झाली, की मगच त्याच्या करिअरची स्वप्नं पडतात.

आणि म्हातारपणाची काठी? तुर्कीच्या मानसशास्त्रज्ञ चिदेम काआत्चबाशी यांचा सहभाग असलेल्या, १९७०च्या दशकातल्या अनेक देशांच्या अभ्यासात हाही प्रश्न होता. शिक्षण आणि उत्पन्न वाढतं तशी मुलांकडून पैशाच्या आधाराची अपेक्षा कमी होते. मायेची ओढ मात्र कमी होत नाही, हे काआत्चबाशींनी ठामपणे मांडलं. मूल स्वतंत्रही असू शकतं आणि जवळचंही. मला हा त्यांच्या कामातला सगळ्यात दिलासा देणारा भाग वाटतो.

(पडद्यावर: दार उघडतं. पाठीवर दप्तर घेतलेलं मूल आत येतं.)

आता मुलाच्या बाजूने पाहू. "तू फक्त आनंदी राहा," असं आपण म्हणतो. पण दारातच पहिला प्रश्न येतो, "किती मार्क पडले?" मूल यातलं काय लक्षात ठेवेल?

जोन ग्रुसेक आणि जॅकलिन गुडनाऊ यांनी १९९४ मध्ये या प्रवासाचे दोन टप्पे सांगितले. आईबापांना काय म्हणायचंय ते मुलाला नीट कळायला हवं, आणि मग ते त्याला पटायला हवं. पहिल्याच टप्प्यावर बरंच काही सांडतं, कारण आपण बोलतो एक आणि रोजच्या वागण्यातून पोहोचतं दुसरं. दुसरा टप्पा तर सर्वस्वी मुलाच्या हातात असतो. कारण सांगितलं, ते त्याला रास्त वाटलं, आपलं म्हणणं मांडायला जागा मिळाली, तर पटण्याची शक्यता वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम हेच मागतं: मुलाशी संबंधित बाबींत त्याचं मत ऐका, आणि वय व समज पाहून त्याला वजन द्या. कुठला विषय घ्यावा, कुठला खेळ सोडावा, कुठली शिकवणी लावावी, हे ठरवताना ते मूल त्याच खोलीत बसलेलं असायला हवं, आणि त्याचं बोलणं मध्येच तोडलं जायला नको.